रंगाऱ्याची निळी पाखरं

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. समोर मूठ जाईल एवढं भोक आणि आत भुसा. माणसं मला खोकं म्हणतात, म्हणोत बापडी! पण मित्रांनो, पोपटांच्या कितीतरी पिल्लांनी पहिल्यांदा डोळे उघडले ते माझ्या पोटात.

मला घडवलं रंगारीकाकांनी. दिवसभर ते कापड रंगवायचे आणि संध्याकाळी गच्चीवरच्या पिंजऱ्यात रमायचे. एकदा हिरव्या जोडीला दोन निळी पिल्लं झाली, एक नर, एक मादी. काकांना आभाळ ठेंगणं झालं. बघायला येणारे त्यांच्याबरोबर माझंही कौतुक करत. मीही हुरळले, खोटं कशाला बोलू?

मग काकांनी त्या दोघांचीच जोडी लावली.

"अहो, सख्खी भावंडं ती!" काकू म्हणाल्या.

"पाखरांना कसलं आलंय नातं? कापड दुसऱ्यांदा बुडवलं की रंग गडद होतो. तसंच हे."

पिल्लं निघाली, पण निळा रंग होता तेवढाच राहिला. कितीतरी अंडी गार पडली. काका हट्टाला पेटले, पुन्हा पुन्हा तीच जोडी. निळी मादी खंगत गेली. शेवटच्या खेपेला एकच पिल्लू जगलं, तेही आंधळं. त्यानंतर निळीला अंडं अडलं. पिसं फुलवून ती माझ्या कोपऱ्यात बसली आणि तिथेच गेली. मला फार वाईट वाटलं, पण मी पडले लाकूड!

पिल्लाला बघायला पाखरांच्या डॉक्टरीणबाई गच्चीवर आल्या. काकांनी त्यांना जोडीचं सगळं सांगितलं, कापडाचा दाखलाही दिला.

"काका, हे कापड नाही हो," त्या म्हणाल्या. "आईकडून एक वाटा येतो, बापाकडून एक. दोन्हीकडून निळ्याचा वाटा मिळाला की पिल्लू निळं होतं. पण दुखण्यांचेही असेच लपलेले वाटे असतात. सख्ख्या भावंडांकडे ते बरेचदा सारखेच असतात. मग पिल्लाला दोन्हीकडून दुखणंच मिळू शकतं."

"म्हणजे हे मी केलं?" काकांनी विचारलं.

काकूंनी ते पिल्लू काकांच्या ओंजळीत ठेवलं. "आता याला तुम्हीच भरवायचं."

तेव्हापासून काका त्याला भरवतात. जोडी लावणं त्यांनी सोडलं. मी रिकामी पडून आहे, पण त्याचं मला दुःख नाही.

परवा एक गिऱ्हाईक पाखरू विकत घ्यायला आलं आणि त्या आंधळ्या पिल्लाकडे बघत म्हणालं, "काय रंग आहे हो! हेच द्या."

"रंगाचं मला सांगू नका," काका म्हणाले. "समोरचा दाणा दिसतो का, ते त्याला विचारा."

मित्रांनो, पाखरू आणायला जाल तेव्हा रंगावर जरूर भाळा. पण त्याची आई कुठे आहे, हे आधी विचारा. या पिल्लाच्या आईबद्दल कुणी विचारलं, की काका मान खाली घालतात.