नमद्यावरचे रबरी जोडे

तोलोमुश हाडवैद्याच्या पदरात त्या दिवशी काय पडणार होतं, ते आधी पाहू. पंगतीत उकडलेल्या मेंढीचं डोकं, म्हणजे पहिला मान. तीन गावांत डंका. शिवाय सायकाल आपाचा पाय त्याच्या हातून सरळ झाला, की तालुक्याच्या इस्पितळातली व्यायामाची खोली कायमची ओस.

त्या खोलीत फिजिओथेरपी करणारी बुरुलही काही निःस्वार्थपणे आली नव्हती. तोलोमुशचं ढोंग उघडं पडलं तर तिचे पेशंट परत येणार होते. आणि आपा तिचे उपचार का सोडून गेली, हे कोणी विचारणार नव्हतं.

आपाच्या घरात चाळीसेक माणसं कोंबली होती. मध्ये नमद्यावर, म्हणजे जाड लोकरी गालिच्यावर, सत्तरीची सायकाल आपा उताणी.

"बघा मंडळी!" तोलोमुश गरजला. "डावा पाय दोन बोटं आखूड! इस्पितळवाल्यांनी मोडक्या खुब्यात लोखंड ठोकलं. लोखंडाला लागते थंडी, ते आकसतं, पाय ओढून घेतं!"

"आमच्या ट्रॅक्टरलाही थंडी लागते, बाय्के दादा," मागून कोणीतरी म्हणालं. "त्याचंही बघा जरा."

तोलोमुशने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो खाली वाकला आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, "आपा, हात लावू?"

आपाने होकाराची मान हलवली. बुरुलच्या काळजात सुई टोचली. हा प्रश्न तिने आपाला कधी विचारलाच नव्हता.

सहा आठवड्यांपूर्वी ती आपाचा, खुब्याच्या ऑपरेशननंतर आखडलेला गुडघा वाकवत होती. मुलगा एर्केबायने आईचे खांदे दाबून धरले होते. "एजे ताई, तुम्ही चालू ठेवा, आई ओरडतेच." कागदावर सही त्याची, होकार त्याचा. आईच्या वतीने मुलगा बोलतो, हीच इथली रीत. आपा तीनदा "बस" म्हणाली. बुरुलने दहापर्यंतचे आकडे मोजून झाल्यावरच हात काढला. त्यानंतर आपा आलीच नाही.

इकडे तोलोमुशने दोन्ही टाचा धरल्या, मंत्र पुटपुटला, ओढल्यासारखं केलं. दोन्ही पाय सारखे! बायका रडायला लागल्या.

"आता खुब्याला एक हिसका. आतलं लोखंड ढिलं करून टाकतो."

हाड अजून पुरतं जुळलं नव्हतं. एक हिसका, आणि आपा पुन्हा उभी राहणार नव्हती. बुरुल धडपडत पुढे आली आणि तिची नजर आपाच्या पायांवर गेली. मऊ चामडी बुटांवर रबरी जोडे! ज्या घरात मोठ्यातला मोठा पाहुणाही रबरी जोडे उंबऱ्याशी काढून चामडी बुटांनिशी आत येतो, तिथे नमद्यावर जोडे?

"थांबा, बाय्के! जोडे घालून कोण झोपवतं?"

"मीच घालायला लावले. जमिनीची ताकद रबरातून चढते."

"रबरातून वीजसुद्धा जात नाही हो!" ट्रॅक्टरवाला म्हणाला.

बुरुलचा हात जोड्याकडे गेला, आणि वाटेतच थांबला.

"आपा, तुमचे जोडे काढून दाखवू?"

"नाही."

माणसं हसली. एर्केबाय चिडला. "काढा हो एजे! तिला काय कळतंय!"

"पाय त्यांचे आहेत. त्या नाही म्हणाल्या."

बुरुल उंबऱ्याशी गेली, स्वतःचे रबरी जोडे चढवले, आणि सगळ्यांसमोर पाय पसरून बसली. उजव्या टाचेवरचा जोडा तिने बोटाने दोन बोटं खाली सरकवला.

"डावा आखूड दिसतोय?"

"दिसतोय!"

तिने उजवा जोडा अंगठ्याने वर रेटला. "आता?"

"सारखे!"

"पाय जागचा हलला? झोपवताना एक जोडा सरकवायचा, ओढल्याचं नाटक करत तोच परत रेटायचा. आत जाड चामडं, पेशंटला पत्ताच लागत नाही."

"तुझ्यात श्रद्धाच नाही," तोलोमुश पुटपुटला.

आपा कोपरावर रेलून उठली. शेजारी पडलेल्या काठीच्या टोकाने तिने आपले जोडे स्वतःच पायातून पाडले. दोन्ही पाय सारखे. मघाशीही सारखेच होते. तोलोमुश मांस शिजायची वाट न बघता दाराबाहेर पडला.

"ए पोरी," आपा बुरुलला म्हणाली. "हा लबाड मला विचारून फसवत होता. तू न विचारता बरं करत होतीस. मी जायचं कोणाकडे?"

"चुकलं, आपा," बुरुल म्हणाली. "गुडघा सुटू शकतो. दुखेल, किती ते आधी सांगेन. तुम्ही बस म्हणालात की बस."

"विचार करून सांगते."

"सांगा."

मंडळी, चमत्कार दिसला की आधी जोडे काढून बघा. आणि दुखऱ्या पायाला हात लावणारा हाडवैद्य असो की इस्पितळातली डॉक्टरीण, काय करणार, कशासाठी, नाही केलं तर काय, हे विचारा. उत्तर पटलं नाही तर नको म्हणा. तो हक्क ज्याचा पाय, त्याचा, मुलाचाही नाही.

राहता राहिली गोळाबेरीज. तोलोमुशचं मेंढीचं डोकं गेलं. एर्केबायचा तोरा उतरला. बुरुलच्या खोलीत पेशंट परत येऊ लागले, पण त्या खोलीची किल्ली तिला हातात जड लागली. आणि व्यायामावाचून गेलेले सहा आठवडे, दगडासारखा झालेला गुडघा, चाळीस माणसांसमोरचं ते उताणं पडणं, हे सगळं एकट्या सायकाल आपाने भोगलं. चूक दुसऱ्यांची होती. त्यातली अर्धी बुरुलची.