लोविनाने वाचलेला शेवट

"अगं, थांबलीस का? त्या विधवेचं पुढे काय झालं ते सांग की!" केझाया मावशींची सुई हवेतच राहिली.

लोविना टटल थांबली होती खरी. स्वयंपाकघरात चौकटीवर गोधडी ताणलेली, भोवती नऊ बायका, आणि चुलीपाशी मासिक धरून ती. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या त्या गावात मासिक एकच यायचं आणि बारा घरं फिरायचं. पण त्याआधी गोधडीच्या दुपारी एकीनं ते मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी टाके घालायचे. आवाज खणखणीत म्हणून वाचायचं काम लोविनाकडे. चाळिशीची, बिनलग्नाची, भावाच्या घरी राहणारी बाई. गावाच्या लेखी तिचा तेवढाच उपयोग.

गोष्टीखाली लेखिकेचं नाव नव्हतं, नुसतं 'एक स्त्री' असं छापलं होतं. ती स्त्री म्हणजे लोविनाच, आणि हे तिच्या भावालाही ठाऊक नव्हतं. दूधदुभतं आवरलं की माळ्यावर बसून तिनं ती लिहिली होती.

मघापासून तिची छाती नुसती फुगली होती. नवरा वारल्यावर मेपलची राई एकटीनं राखणारी, स्वतः रस उकळून साखर करणारी मर्सी ऐकताना बायका हसल्या होत्या, डोळे पुसले होते. आणि आता शेवटच्या पानावर हे काय? मर्सी चक्कर येऊन चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकनच्या मिठीत पडत होती! 'हे ओझं अबलेचं नव्हे' म्हणत राई त्याच्या हवाली करत होती! लोविनानं असलं काही लिहिलंच नव्हतं. संपादकानं परस्पर मर्सीचं लग्न लावून टाकलं होतं. मेल्याला साधं विचारावंसंही वाटलं नव्हतं.

छापलंय ते वाचलं असतं तर गुपित गुपितच राहिलं असतं. पण मग मर्सी त्या डीकनच्या गळ्यात पडली असती, तीही लोविनाच्या तोंडून. ते तिच्यानं होईना.

तिनं नजर पानावरच ठेवली आणि आपला शेवट म्हणायला लागली.

"डीकननं हात पुढे केला. मर्सीनं त्यावर सफरचंद भरून भाजलेल्या 'पाय'चा तुकडा ठेवला. म्हणाली, सांभाळून जा हं, रस्ता निसरडा झालाय. मग ती खोपटात गेली. रस उकळायला आला होता. तिनं भट्टीत लाकडं सारली."

"हातावर 'पाय'चा तुकडा ठेवून वाटेला लावला!" केझाया मावशी खदखदून हसल्या. "बरी जिरवली!"

सगळ्याच हसत सुटल्या. लोविनाच्या भावजयीनं, रोक्सानानं, डोळे पुसत मासिक ओढून घेतलं. "बघू, तेवढं पुन्हा वाचते." वाचता वाचता तिच्या कपाळाला आठी पडली. "अहो वन्सं, इथे तर लग्न झालंय."

"नाही झालं."

"झालंय की! छापलंय ना."

"छापू देत. मी लावलेलं नाही." लोविनाची मान ताठ होती. "गोष्ट माझी आहे, वहिनी. मी लिहिली. शेवट तेवढा त्या संपादकाचा."

"अगंबाई! आणि घरात पत्ता नाही? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचंय लोकांना?" केझाया मावशी कडाडल्या. "अठ्ठावीस वर्षं माझी राई मी राखली. मला नाही कधी चक्कर आली! उद्या मासिक कुणाकडे जायचंय?"

"आपल्या डीकनसाहेबांकडे," रोक्साना म्हणाली.

"मग तर हा शेवट आजच बदलायला हवा. कागद आण. शाई आण."

रोक्सानानं सुई गोधडीत खोचली. मग उठली आणि दोन्ही घेऊन आली.

लोविनानं आपला शेवट लिहून काढला. खाली पूर्ण नाव घातलं, लोविना टटल. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गोष्टीखाली तिनं आपलं नाव पाहिलं आणि शाई वाळेपर्यंत ती पाहतच राहिली.

रोक्सानानं तो कागद उचलला. छापील शेवटावर नीट बसवला आणि गोधडीच्या दोऱ्यानं बारीक टाके घालत शिवायला घेतला.

"चारही बाजूंनी, वहिनी?"

"चारही," रोक्साना दातांनी दोरा तोडत म्हणाली. "डीकनसाहेबांची नखं लांब आहेत."