गाळलेली चार पाने

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या फळीवर, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे जो करडा डबा दिसतो, तो मीच. ग्रंथालयाचा जुना टेपरेकॉर्डर. माझा रबरी पट्टा सैल झाला आहे, म्हणून आवाज ओढल्यासारखा येतो. दमलेल्या माणसाचाही येतोच की!

कारखान्यात माझी तपासणी झाली, तेव्हा माझ्यातली फीत सेकंदाला बरोबर पावणेपाच सेंटिमीटर सरकत होती. मग मला इथे, दृष्टिहीन वाचकांच्या विभागात आणले. काचेच्या लहान खोलीत सिस्टर पुस्तके वाचायच्या आणि मी ती कॅसेटवर उतरवून घ्यायचो. सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. तीस वर्षे अपघात विभागात काढलेल्या.

दर शनिवारी एक वृद्ध घड्याळजी कॅसेट बदलून न्यायला येत. दृष्टी गेल्यापासून त्यांचे दुकान बंद होते.

"सिस्टर, घरात दिवसभर तुमचाच आवाज. सूनबाई विचारते, यांचंही पान वाढू का?"

सिस्टर हसायच्या. मलाही त्यातला थोडा मान मिळाल्यासारखे वाटायचे.

एका कादंबरीचा नायक छापखान्यात कामाला होता. यंत्रात त्याचा हात सापडतो, तिथे लेखकाने काहीच झाकून ठेवले नव्हते. सिस्टरांनी अर्धे पान वाचले. मग त्यांनी मला थांबवले, तेही पुसले जावे इतकी फीत मागे घेतली, चार पाने उलटली आणि तिथून वाचन सुरू केले. जोड कुठे कळलासुद्धा नाही. मित्रांनो, इतकी सफाई मीच दाखवली, हे सांगताना आजही माझी चाके जड होतात.

पुढच्या शनिवारी घड्याळजी बसलेच नाहीत.

"सिस्टर, हा पोरगा सकाळी दोन्ही हातांनी शर्टाची बटणं लावून बाहेर पडला. पुढच्याच वाक्यात बायको त्याला भरवतेय. मधलं कुठं गेलं?"

सिस्टरांनी ती कादंबरी पुढ्यात ओढली.

"घड्याळ जोडल्यावर टेबलावर एक चाक उरलं, तर मला न बघता कळायचं हो."

"चार पानं गाळली, काका. अपघात विभागात याहून वाईट पाहिलं, कधी मागे हटले नाही. पण हे मोठ्यानं वाचायचं... नाही जमलं. दमले मी."

"मग नका वाचू! सक्ती आहे का कुणाची? पण सांगा तरी. आता मागच्या सगळ्या पुस्तकांबद्दल शंका यायला लागली. मी ताडून बघू कशाशी?"

ते गेल्यावर सिस्टरांनी कॅसेट त्या जोडाच्या जागी आणली आणि ध्वनिमुद्रणाचे लाल बटण दाबले. "पुढची पानं मला वाचवली नाहीत. याआधी कुठल्याच पुस्तकातलं काही गाळलेलं नाही. ही कादंबरी मी इथेच सोडते. पुस्तक तिसऱ्या कपाटात आहे, कुणी वाचून दाखवलं तर जरूर ऐका." मला मात्र त्यांनी थांबवले नाही. मी जुने पुसत, नुसती शांतता उतरवत फीत संपेपर्यंत फिरलो.

घड्याळजींनी ती कॅसेट पुन्हा नेली आणि नंतरच्या शनिवारी परत आणली. "शेवटपर्यंत ऐकली."

"अहो काका, पुढे काहीच नव्हतं!"

"हो ना. पण त्यातलं काही गाळलेलं नव्हतं. आता नवीन काय लावताय?"

मित्रांनो, एखादे पुस्तक सोसवले नाही, तर खुशाल मिटा. त्यात कमीपणा नाही. पण कुणी तुमच्या आवाजावर विसंबून बसले असेल, तर कुठे थांबलात तेवढे त्याला सांगा. आणि कधी या कपाटापाशी आलात, तर माझ्यावरची धूळ पुसा. ती शांततेची कॅसेट आज माझ्या पोटात आहे.