गाळलेल्या सरी

गल्लीत तिला सगळे हवाबाई म्हणत. रेडिओवर रोज सकाळी साडेसातला हवामानाचा अंदाज वाचायचा, एवढंच तिचं काम. पण पाऊस चुकला की लोक तिलाच धरत, जसे काही ढग तिनंच माळ्यावर दडवून ठेवलेत.

त्या दिवशी हवेला काय झालं होतं कोण जाणे! वसंताची नुसती चाहूल, आणि ऊब भर उन्हाळ्यातली. कामावर जाताना सगळा रस्ता पेंगुळलेला. लोक कोट खांद्यावर टाकून संथ चालत होते, खिडक्या सताड उघड्या, झाडं गडबडीनं फुललेली. तीही तरंगतच स्टुडिओत शिरली.

वेधशाळेचा कागद टेबलावर होता. विभागात तापमान सरासरीपेक्षा सात अंशांनी जास्त. मग हलक्या सरींचं लांबलचक पुराण: कुठल्या भागात, किती वाजता, किती वेळ. शेवटी वारा. यातला काना-मात्राही बदलायचा नाही असा दंडक, आणि अकरा वर्षं तिनं तो पाळला होता. आज मात्र सरींपाशी तिची नजर अडकली.

कारण घरी आई होती. बाबा गेल्यापासून चार महिने तिनं खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, अशाच बसून राहिल्या तर पाय कायमचे जातील. आईचं आपलं एकच, "हवा चांगली झाली की उतरेन हो अंगणात." आधी थंडीचं निमित्त, मग वाऱ्याचं. आता सरी म्हटल्या की झालंच! होऊ दे काय व्हायचं ते, असं म्हणत तिनं ऊब वाचली, वारा वाचला आणि सरी सरळ गिळून टाकल्या. काचेपलीकडे यंत्रं सांभाळणाऱ्या काकांनी भुवया उंचावल्या आणि गाणं लावलं.

अकराला टपटप सुरू झाली. आई खरंच उतरली असेल तर? घसरली तर? छत्रीही न घेता ती धावत सुटली. पाऊस इतका कोमट होता की पळताना तिला आपण झोपेतच पळतोय असं वाटत होतं.

आई अंगणातल्या बाकावर बसली होती. वेणी अर्धीच घातलेली, उरलेले केस खांद्यावर भिजत होते.

"अगं आई, आत चल! चूक माझी आहे, मी आज..."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "तुझा अंदाज संपतो तेव्हा माझी वेणी संपते, रोजच्या रोज. आज अर्ध्यावरच गाणं लागलं. म्हटलं, कन्येनं काहीतरी खाल्लं. आणि पावसाशिवाय तू माझ्यापासून काय लपवणार?"

"कळलं होतं, तरी उतरलीस?"

"कळलं म्हणूनच उतरले. तू माझ्यापायी नोकरीवर पाणी सोडायला निघालीस, आणि मी चार पायऱ्यांना घाबरून बसले, तर मी आई कसली गं?"

तिला रडू आवरेना. पर्समधला फोन केव्हाचा वाजत होता, साहेबांचाच असणार.

"घे तो," आईनं सरकून बाकावर जागा केली. "सांग त्यांना, आईबरोबर पावसात बसलेय, दुपारी येऊन बोलणी खाईन."