फुटक्या कौलांचा थर

सुसानाबाईला घाण म्हणून खपत नसे. नवापूरच्या डोंगरपट्टीतल्या मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात बारा वर्षं सांडपाण्याची व्यवस्था तिच्याकडे होती, आणि चूल सारवावी तशी ती टाकीचं झाकणही पुसून ठेवायची. साठ मुलींच्या न्हाणीघराचं, संडासाचं पाणी आधी बंद टाकीत निवळे, मग दगडांच्या थरावर ठिबके आणि खालून नितळ होऊन केळीच्या वाफ्यांत जाई. दगडांवर मात्र काळपट, बुळबुळीत साय धरलेली. ती तिच्या डोळ्यांत सलायची.

त्या नाताळात साऱ्या बोर्डिंगला चुना लागला, तेव्हा बाईने दगडही घासले आणि चुन्याने न्हाऊ घातले. पांढरेशुभ्र दगड बघून तिला कोण आनंद झाला! आठवडाभरात असा वास सुटला की मुली नाकाला पदर लावून जेवायला बसू लागल्या.

इन्स्पेक्टरसाहेब आले. जूनमध्ये चाळीस मुली वाढायच्या होत्या, त्यांत सुसानाबाईची भाची मार्थाही होती. पोरीने गाठोडंसुद्धा बांधून ठेवलेलं. साहेब म्हणाले, "साठांचं पाणी झेपत नाही, शंभरांचं काय झेपणार? मे महिन्याच्या सुट्टीत मिशनच्या मेळाव्याला शंभर बायका उतरतील तेव्हा मी दगडांखालून आलेल्या पाण्याची बाटली भरून निळं औषध टाकीन. पाण्यात घाण उरली असेल तर तो रंग उडतो. पाच दिवस पाणी निळं राहिलं तर मुली येतील. रंग उडाला तर भरती बंद."

चूक आपलीच, हे तिला कळलं होतं. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. दुसऱ्या दिवशी ती थराभोवती घिरट्या घालत राहिली. नळीखालच्या कोपऱ्यात चुना संपल्यामुळे चार दगड न घासता काळेच राहिले होते, आणि त्यांच्याच खालून निघणारं पाणी स्वच्छ होतं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. जी साय तिने घासून टाकली, तीच घाण खात होती. आता ती पुन्हा धरायला हवी, आणि शंभर जणींना पुरेल इतकी. त्यासाठी सायीला बसायला जागाही जास्त लागणार.

थरातले दगड म्हणजे नदीतले गुळगुळीत गोटे, त्यांच्यावर काय बसणार? बोर्डिंगच्या मागे मात्र दर वर्षीच्या शाकारणीत काढलेल्या फुटक्या कौलांचा डोंगर पडला होता. धुवून चुना उतरवलेल्या गोट्यांवर तिने हातभर उंचीचा कौलांचा थर रचायला घेतला. नंदुरबारहून भिंत बांधायला आलेला उखा मिस्तरी तोंडात बोट घालून बघत राहिला.

"बाई, हाई कचरा कसाले भरी ऱ्हायनात तुम्ही?"

"खडबडीत आहे म्हणून. गोट्यांपेक्षा कितीतरी जास्त साय धरेल. बघत राहा, मिस्तरी."

दुधात विरजण लावावं तसे ते चार काळे दगड तिने थराच्या मधोमध पुरले. खालून आलेलं पाणी रोज सकाळी बादलीने पुन्हा वर ओतलं. तिसऱ्या आठवड्यात कौलं काळवंडली. जन्मात पहिल्यांदा तिला बुळबुळीत घाण बघून हसू आलं.

मेळाव्यात शंभर बायका तीन दिवस राहिल्या, न्हाल्या, धुणी धुतली, गायल्या. शेवटच्या दिवशी साहेबांनी थराखालच्या पाण्याने बाटली भरली, निळे थेंब टाकले आणि ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. सुसानाबाई पाच दिवस रोज कामाला गेली, कपाटाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. सहाव्या दिवशी साहेबांनी बाटली उजेडात धरली. पाणी निळंच होतं.

"शे का नही पानी निळं!" उखाच मोठ्याने ओरडला.

जूनमध्ये मार्था आली. मावशीवरच गेलेली, पहिल्याच संध्याकाळी तिने काळ्या कौलांकडे बघून नाक मुरडलं आणि नारळाची शेंडी उचलली. "मावशी, घासून देऊ?"

सुसानाबाईने तिच्या हातातून शेंडी हिसकावली.

"हात लावशील तर याद राख! तुझ्या आधी यांची भरती झालीय. ह्यांनी जेवायचं सोडलं, तर तू परत घरी."