नर्सबाई येण्याआधीचं पाणी

माझ्या मोठ्या जाऊबाईंची पिशवी काढली तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या होत्या आणि मी तिशीची. खाली आमचं शिवणकामाचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. कापड बेतायच्या त्या, शिवायची मी; त्यांची कात्री मी कितीदा मागितली, पण तिला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

इस्पितळातून घरी आल्यावर सुरुवातीला त्यांनी सगळ्यांना हसवून हैराण केलं. "पिशवी गेली, आता सामान ठेवू कुठे?" म्हणायच्या. रोज सकाळी तपासायला येणाऱ्या नर्सबाईंना टाके दाखवायच्या. "बघा, नुसता धावदोरा घातलाय. असला कारागीर आमच्याकडे दुपारपर्यंत टिकला नसता." मग स्वतःच हसायच्या आणि पोटाशी उशी दाबून धरत कण्हायच्या.

त्यांची एकुलती एक लेक दूरच्या गावी दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले आणि सासरी दुसरं बाईमाणूस नाही. नर्सबाईंनी बजावलं होतं, "ताप नसेल तर आठवडाअखेर गाडीत बसा. ताप आला तर प्रवासाचं नावसुद्धा काढू नका."

तेव्हापासून जाऊबाईंचं कण्हणं थांबलं. हसणंही थांबलं. मला आधी वाटलं, बरं वाटायला लागलं असेल. पण भर दुपारी त्या खिडकी लावून घ्यायला सांगू लागल्या. सकाळी चादर बदलताना ती पिळून काढल्यासारखी ओली लागायची. बोलता बोलता शब्द अर्ध्यावर राहायचा आणि त्या भिंतीकडे बघत बसायच्या, जणू तिथून कुणी येणार होतं.

जखम वरून कोरडी होती. ताप रोज मोजला जात होता आणि रोज नसायचाच. भावजी तर गाडीचं तिकीटही घेऊन आले.

एकदा मी धुतलेले कपडे घेऊन वर गेले, तर दाराच्या फटीतून दिसलं. जिन्यावर नर्सबाईंची पावलं वाजत होती आणि जाऊबाई फ्रीजमधलं गार पाणी तोंडात धरून बसल्या होत्या, गाल फुगवून, डोळे मिटून. पावलं दाराशी आली तसं त्यांनी ते गिळलं आणि थर्मामीटरसाठी तोंड उघडलं.

"छान. ताप नाही," नर्सबाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर पायमोजे चढवायचं निमित्त करून मी जाऊबाईंच्या तळपायाला हात लावला. इस्त्रीचा लागावा तसा चटका बसला.

"वहिनी, अंग भाजतंय तुमचं."

"उन्हात पडलेय ना."

"ऊन पलीकडच्या भिंतीवर आहे."

त्यांनी पाय ओढून घेतला. मग म्हणाल्या, "धाकटे, तोंड उघडू नकोस. लेकीची सुटका होऊ दे, मग मला कुठे न्यायचं तिथे न्या."

"आणि गाडीतच काही झालं तर?"

"तर कात्री तुझी. हात धुवून मागे लागलीच होतीस तिच्या." त्या हसायला गेल्या, पण दात वाजत होते.

मी भावजींना सांगितलं. ते वैतागले. "नर्सबाईंना कळत नाही नि तुला कळतं? उगीच नाट लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशाशी ठेवलेला ग्लास उचलला.

"पाणी दे," जाऊबाई म्हणाल्या.

"नर्सबाई गेल्या की देते."

खाली दार वाजलं. जिन्याची पहिली पायरी करकरली.

"धाकटे, पाया पडते तुझ्या."

सगळ्या घराला धाकात ठेवणारी ती बाई. असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्याकडे बघितलं असतं तर ग्लास त्यांच्या हातात दिला असता, म्हणून बघितलं नाही. पाणी मोरीत ओतून टाकलं.

नर्सबाईंनी थर्मामीटर पाहिला, झटकला आणि पुन्हा लावला. या खेपेला त्या "छान" म्हणाल्या नाहीत. त्यांनी ओटीपोट दाबलं तेव्हा जाऊबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून खालची गिऱ्हाइकं रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

अरुंद जिन्यावरून स्ट्रेचर तिरका करून उतरवावा लागला. माझ्याजवळून जाताना त्यांनी माझं मनगट धरलं. "माझ्या लेकीला काही झालं ना, तर तुझं तोंड बघणार नाही."

पोट पुन्हा उघडलं. आत पू साचला होता. डॉक्टर भावजींना बाजूला घेऊन काहीतरी सांगत होते आणि भावजी भिंत धरून उभे होते. वाचतील असं कुणीच म्हणालं नाही.

जाऊबाईंच्या तिकिटावर मी गेले. पूर्ण प्रवासात तिकीट मुठीत होतं, घामानं त्यावरची अक्षरं पुसली. तिथे पोहोचले तर लेकीला कळा सुरू झालेल्या. "आई कुठेय, काकू?" ती एकसारखी विचारत होती आणि त्या आहेत की नाहीत, हेच मला माहीत नव्हतं. मुलगी झाली, धडधाकट. इस्पितळातून निरोप यायला त्यानंतरही दोन रात्री गेल्या.

जाऊबाई वाचल्या. नात बसायला लागली तेव्हा त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं. पुढे म्हातारपणापर्यंत, कापडावर खडूनं रेघ मारता मारता, माझ्याकडे न बघता त्या येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, "माझ्या नातीचं पहिलं रडं हिनं ऐकलं हो. मला जाऊ दिलं नाही हिनं." गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. मी मान डोलवायची. जितक्यांदा त्यांनी सांगितलं तितक्यांदा मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि आता ते सांगणारं कुणी नाही.