वेगळ्या चालीच्या दोन रॅम

अण्णांना जाऊन दीड महिना झाला होता आणि त्यांचा आवाज त्यांच्याच कॉम्प्युटरात अडकून पडला होता. भूमच्या बसस्थानकावर एकोणतीस वर्षं गाड्या पुकारणारे हिंमतराव अण्णा निवृत्तीनंतर रोज माइकपुढं बसून जुन्या गोष्टी सांगत आणि सगळं एकाच फाइलीला जोडत जात. आता ती फाइल उघडायला गेलं की मशीन गोठायचं. राजनंदिनीकडं, त्यांच्या एकुलत्या लेकीकडं, त्यांचा आवाज दुसरा कुठंच नव्हता. फोनवर ती नेहमी घाईत असायची.

दुकानदार महालिंगप्पांनी तिला वापरलेली रॅम दिली. "मशीनमधली चार जीबी, ही चार. आठात उघडंल."

"पण कंपनी वेगळी, स्पीडही वेगळा."

"चालतंय की ताई. ही जरा तेज हाय, पर जुनीच्याच चालीनं चालंल. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलेली एसटी बघितली न्हाय व्हय?"

अण्णांच्या घरी तिनं कॉम्प्युटरचा डबा उघडून जुन्या रॅमशेजारच्या रिकाम्या खाचेत नवी बसवली. पडदा काळाच. आतून नुसती टूं टूं.

तिनं महालिंगप्पांना फोन लावला. "दोघींचं जमत नाही हो."

"लगीन न्हाय लावायचं त्यांचं! एकएकटी लावून बघा. दोन्ही खाचांत."

पहिल्या खाचेत दोन्ही रॅम एकेकट्या चालल्या. दुसरीत एकही नाही. मोबाइलचा उजेड पाडून ती आत वाकली. खाचेच्या तोंडावर हळदकुंकवाची दोन बोटं उमटली होती. ओलं कुंकू आत उतरून वाळलं होतं.

खंडेनवमीला लोक डब्यावर बोट टेकवतात. अण्णांनी तो खोलून आतल्या भागाभागाची पूजा केली होती, रिकाम्या खाचेचीसुद्धा.

"कुंकू आहे आत," ती म्हणाली.

"आमीबी लावतो, पर वरनं. बटण बंद करून सुक्या ब्रशनं काढा. पाणी लावू नका."

बोटं पुसली जातील, हे ती बोलली नाही. एक बोट लगेच गेलं. दुसऱ्यापाशी ब्रश धरून ती बराच वेळ बसून राहिली. मग तेही झाडलं.

दोन्ही रॅम बसवल्या. मशीन सुरू झालं, रेंगाळत, पण न अडखळता. फाइल उघडली. आधी खोकला, मग माइकवर टकटक, मग तो ओळखीचा खणखणीत स्वर.

"अण्णा, उघडली!" राजनंदिनीनं आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली.

ओ आली नाही. समोर अण्णा बोलतच होते.